फ्यूजच्या जागी चांदी

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तुम्ही काय करता? शिट्टीचं भोक तुंबलंय का बघता, तळाला पाणी कमी पडलं होतं का आठवता आणि भांड्यांच्या दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह आणून बसवता. त्या भोकात एमसील भरून ‘झालं काम’ म्हणत कुकर पुन्हा गॅसवर चढवणारी बाई मी तरी आजवर पाहिलेली नाही. कुणी तसं केलंच तर आपण तिला वेड्यात काढू.

मग हेच काम गाडीत एखाद्या बाप्यानं केलं, की आपण त्याला ‘काय डोकं चालतं हो!’ म्हणून शाबासकी का देतो?

गोष्ट २०२४ च्या वारीतली आहे. आम्ही निगडीकर. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की दुसऱ्या दिवशी भक्ती-शक्ती चौकातून आमच्या समोरूनच जाते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. लग्न होऊन इथे आल्यापासून कितीतरी वर्षं मी रस्त्याच्या कडेला उभी राहून चहा आणि राजगिऱ्याचे लाडू वाटण्यातच वारी मानली. मुलं हाताशी आली आणि मग मात्र एका लहानशा दिंडीत भिशी भरली. हे म्हणाले, ‘बघ बाई, झेपेल तितकं चाल, नाहीतर गाडीत बस.’ चालले! आणि गाडीतही बसले. त्या गाडीबद्दलच आज बोलायचंय.

ज्यांनी वारी केली नाही त्यांच्यासाठी सांगते, दिंडीची गाडी म्हणजे चाकांवरचं घर. खाली शिधा, पातेली, शेगड्या, गॅसचे दोन सिलिंडर. वर फळ्या टाकून केलेला माळा. पाय सुजलेल्या आज्या दुपारी तिथे लवंडतात, पावसानं तंबूत चिखल झाला की रात्री आम्ही बायका दाटीवाटीनं तिथेच झोपतो, कपडे बदलायला आडोसाही तोच. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपरात त्या आलिशान गाड्यांचे फोटो आले होते. पलंग, बेसिन, छोटा फ्रीज… मला हसूच आलं. आमच्याकडे हे सगळं आहेच की, फ्रीज सोडून!

तर, त्या वर्षी आमच्या गाडीत ‘सुधारणा’ झाली होती. निघण्याआधी एका गॅरेजमधून गाडीला दुसरी बॅटरी बसवून घेतली. त्यावर आठ एलईडी दिवे, चार छोटे पंखे आणि मोबाइल चार्जिंगचा एक लांबलचक बोर्ड. चार्जिंग हा वारीतला आता फार मोठा प्रश्न आहे बरं का. घरी नातवाशी बोलल्याशिवाय आजीला झोप येत नाही.

लोणी काळभोरच्या मुक्कामी पहिल्यांदा दिवे गेले. गाडीवाल्या दादांनी फ्यूज बदलला. तासाभरात पुन्हा गेला. मग त्यांनी १५ अँपियरच्या जागी ३० चा लावला. दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला आणि तोही उडाला. तेव्हा दादांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं, आतली चांदी फाडली, फ्यूजभोवती गुंडाळली आणि दिला दाबून. लखकन दिवे लागले. आम्ही बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. हो, मीसुद्धा! बी.ए. झालेली, बचत गटाच्या बैठकीत चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी.

यवतच्या मुक्कामी पिठलं-भाकरी खाऊन माळ्यावर आडवे झालो. आम्ही चौदा जणी होतो. मध्यरात्री कधीतरी मला जळक्या रबराचा वास आला. आधी वाटलं, बाहेर कुणी टायर पेटवलंय. तेवढ्यात माझ्या शेजारची पोरगी ताडकन उठून बसली. ‘काकू, वायर जळतेय. उतरा सगळ्या, आधी उतरा!’

भर पावसात, अंधारात आज्यांना खाली उतरवताना काय झालं ते सांगत बसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते दोन सिलिंडर होते. दादा झोपेतून उठून आले आणि म्हणाले, ‘माउली, घाबरू नका, बारा व्होल्ट आहे. बारा व्होल्टनं काही होत नसतं.’

त्या पोरीनं मात्र त्यांच्याशी वाद घातला नाही. पाना मागून घेतला, बॅटरीचं मायनसचं टोक सैल करून बाजूला केलं. मायनस आधी, कारण गाडीचं सगळं लोखंड मायनसलाच जोडलेलं असतं. प्लस सोडवताना पाना लोखंडाला टेकला तर तिथेच वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. जोडताना उलट, मायनस शेवटी. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की हात घालण्याआधी तिनं बोटातली अंगठी काढून माझ्याकडे दिली.

ही मुलगी आमच्याच गल्लीतली. आजीला सोबत म्हणून रजा काढून आली होती. आयटीआय केलेली, आणि चाकणच्या एका कारखान्यात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर कामाला. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची घातलेली वेणी. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्या खिळ्यांमधून रंगीत वायरी नेऊन, टेप गुंडाळून, टोकांना क्लिपा बसवून ती तयार होते. आमच्या चाकण-पिंपरी पट्ट्यात हे काम करणारे बहुतेक हात मुलींचेच असतात. म्हणजे बघा, रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या नसा-शिरा आमच्या पोरी बांधतात. पण तीच गाडी रस्त्यात बंद पडली, की बॉनेटभोवती सगळे पुरुष गोळा होतात आणि पोरीला म्हणतात, ‘तू टॉर्च धर.’

त्या रात्रीही तेच झालं. सकाळी उजाडल्यावर ती काम करायला बसली तर तिघं-चौघं सल्ले द्यायला हजर! ‘बॅटरीच डाऊन असेल’, ‘चायनाचे पंखे आहेत, जळणारच’. तिनं कुणाकडेही लक्ष दिलं नाही. गाडीतला इंडिकेटरचा एक जादा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि तो चक्क फ्यूजच्या जागी लावला. सगळी बटणं बंद. तरीही बल्ब भक्कन पेटला!

मला म्हणाली, ‘काकू, बघा. सगळं बंद असताना हा असा पेटतोय म्हणजे कुठेतरी वायर गाडीच्या पत्र्याला टेकलीय. आता एकेक फाटा काढायचा. ज्या फाट्याला हा विझेल, तो चोर.’ दिव्यांचा फाटा काढला, बल्ब पेटलेलाच. पंख्यांचा काढला, पेटलेलाच. चार्जिंग बोर्डाचा काढला आणि बल्ब गपकन विझला. जवळ उभ्या असलेल्या एका आजीनं ‘पांडुरंग!’ म्हणून हातच जोडले.

मग त्या वायरीवरून बोट फिरवत फिरवत ती मागे गेली. माळ्याखाली लोखंडी पत्र्याला भोक पाडून वायर पलीकडे नेली होती. त्या भोकाला रबराची कडी लावायची असते, ती लावलीच नव्हती. गाडी हलेल तशी पत्र्याची धार वायरीवर सुरीसारखी घासत होती, आणि आतली तांब्याची तार उघडी पडली होती. वायरसुद्धा कसली, तर स्पीकरला वापरतात तसली, शेवयांसारखी बारीक. तिच्याखाली हातभर अंतरावर आमचा गॅस.

खर्च? थोडी जाड वायर, योग्य तो फ्यूज आणि भोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. दोन-तीनशे रुपयांत काम झालं. पंढरपूरपर्यंत एकदाही दिवे गेले नाहीत.

मैत्रिणींनो, त्या दिवशी चालता चालता मी त्या पोरीला छळछळ छळलं. तिनंही न कंटाळता सांगितलं. तेव्हा कळलं, की ‘बारा व्होल्टनं काही होत नाही’ हे अर्धंच खरं आहे. बारा व्होल्टचा शॉक सहसा लागत नाही, हे बरोबर. पण आग लागते. उलट, त्याच कामाला बारा व्होल्टवर करंट जास्त लागतो. घरचा ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर पाव अँपियरच्या आसपास घेतो, गाडीतला ६० वॅटचा बल्ब ५ अँपियर घेतो. इन्व्हर्टर लावून गाडीत ५०० वॅटचा मिक्सर फिरवला तर बॅटरीतून ४० अँपियरच्या वर ओढले जातात. एवढा भार त्या शेवईसारख्या वायरीनं सोसायचा कसा? ती तापणार, वितळणार. फ्यूज हा त्या वायरीचा पहारेकरी आहे. म्हणून तो वायरीच्या जाडीला बघून निवडायचा आणि बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. तो उडतो, म्हणजे त्यानं त्याचं काम चोख केलेलं असतं. आणि आपण काय केलं? हाक मारणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला.

आता मूळ मुद्द्यावर येते. वारीनंतर दिंडीची बैठक झाली तेव्हा मी हा विषय काढला. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि एक ज्येष्ठ म्हणाले, ‘वहिनी, शॉर्टसर्किट होतं ते. होत असतं असं.’ झालं! विषय संपला. ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द आपल्याकडे ‘नशीब’ या शब्दासारखा वापरला जातो. तो उच्चारला की पुढे कुणी काही विचारायचं नाही. कुठे झालं? कशामुळे झालं? वायर कुणी टाकली? फ्यूज कुणी बदलला? छे! शॉर्टसर्किट होतं ते.

१९ मार्च २०२५ ची सकाळ आठवते? आमच्या इथून जवळच, हिंजवडीत, कंपनीच्या कामगारांना नेणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला. मागचं दार उघडलं नाही आणि चार जण आत होरपळून गेले. दुपारपर्यंत सगळीकडे एकच शब्द होता, शॉर्टसर्किट. आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी सांगितलं, की आग लावण्यात आली होती. गाडीच्या चालकानंच रसायन वापरून ती लावल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. पोलिसांनी खोलात जाऊन तपास केला म्हणून हे समजलं. नाहीतर तोही ‘शॉर्टसर्किट’च्या खात्यावर जमा झाला असता, आणि ते न उघडलेलं दारसुद्धा. ती बातमी वाचताना मला यवतची रात्र आठवली. आमच्या गाडीलाही मागे एकच दार होतं आणि त्याच्यासमोर आम्ही पातेल्यांची उतरंड रचली होती.

तुम्ही म्हणाल, मग आता बायकांनी काय हातात पकड घेऊन फिरायचं का? हे तज्ज्ञाचं काम आहे, भलतंसलतं धाडस नको. काही अंशी मला हे मान्यच आहे. मुक्कामाच्या गावात शेजारच्या घरातून किंवा खांबावरून वायर ओढून गाडीत लाईट घेतात ना, ती २३० व्होल्टची. तिथे माझ्यासारखीनं हात लावायचाच नाही. पण बघायचं जरूर. खांबावर आकडा टाकलाय का, प्लग तीन पिनांचा आहे का, वायरीचा जोड चिखलात पडलाय का, मधे शॉकपासून वाचवणारा तो ट्रिप होणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे का? गाडीचा सांगाडा लोखंडाचा, आम्ही ओली लुगडी त्याच्यावरच वाळत घालतो, आणि पायाखाली पाणी! कुठे उघडी वायर टेकली तर लुगडं काढायला जाणारा हात बाईचाच असतो. हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही, कारण लुगडी ते वाळत घालत नाहीत.

बारा व्होल्टच्या बाबतीत मात्र मला हे ‘हात लावू नकोस’ मुळीच पटत नाही. दोष शोधणं म्हणजे काय हो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं. आमटी बिघडली तर आपण एकदम मीठ, चिंच, गूळ, पाणी सगळं ओततो का? आधी चव घेतो. त्या पोरीचा बल्ब म्हणजे चव घेणंच होतं. आणि आमचे सल्लागार बाप्ये मात्र बॅटरी, पंखे, बोर्ड सगळं एकदम बदलायला निघाले होते!

मी आता मल्टीमीटर घेतलाय. काहीशे रुपयांना मिळतो. हे म्हणाले, ‘आता एवढंच राहिलं होतं.’ असो. पण शिकले. गाडी बंद करून तासभर थांबल्यावर बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर पोट भरलेलं आहे, १२.२ म्हणजे अर्धं, बाराच्या खाली म्हणजे उपाशी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १४ च्या जवळ गेला पाहिजे. नाही गेला तर बॅटरी भरतच नाहीये, मग दिव्यांना दोष देऊन काय उपयोग? बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा क्षार साचला असेल तर मायनस काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासायचं, कोरडं करून जोडायचं आणि वरून व्हॅसलिन. फक्त त्या वेळी उदबत्ती, काडी, विडी जवळ नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. आणि हो, पाटल्या, अंगठी काढून ठेवायची, मंगळसूत्र पदरात खोचायचं. सोन्यातून वीज फार झकास वाहते! एवढी एक गोष्ट कुठल्याही गॅरेजवाल्यानं मला सांगितली नसती.

सुधा मूर्तींची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. टेल्कोच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ लिहिलेलं पाहून त्यांनी १९७४ मध्ये थेट जेआरडींना पोस्टकार्ड धाडलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. त्याला पन्नास वर्षं झाली. २०२३ मध्ये तर टाटांच्या आमच्या इथल्या कारखान्यात हॅरियर-सफारीच्या जुळणीची लाइन मुलीच चालवतात, अशा बातम्या आल्या. महापालिकेची मुलींची आयटीआय कासारवाडीत आहे. म्हणजे कारखान्याच्या दारातून आपण आत शिरलो. पण आपल्याच दिंडीच्या, आपल्याच घरच्या गाडीच्या बॉनेटपाशी अजून टॉर्च धरून उभ्या आहोत. भिशी बायका-पुरुषांची सारखीच असते हो. गाडीत झोपतो आम्ही, स्वयंपाक करतो आम्ही. मग गाडीला वायर कुठली टाकली, हे विचारायची चोरी का?

दादांवर माझा राग नाही, हेही सांगून ठेवते. तो माणूस पहाटे तीनला उठून गाडी पुढच्या मुक्कामाला नेतो, सगळ्यांच्या आधी जागा धरतो. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. आता ते त्या पोरीला ‘इंजिनीअर माउली’ म्हणतात आणि फ्यूजचा जादा संच डिकीत ठेवतात. सिगारेट मात्र सुटलेली नाही!

पुढच्या वारीआधीच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागितल्या. सिलिंडर आणि बॅटरी गाडीच्या दोन वेगळ्या टोकांना, मागचं दार रात्री मोकळं, आणि दिंडीच्या खर्चातून एक आग विझवायचं नळकांडं. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या, कारण त्यांना पैसे पडत नव्हते. तिसऱ्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी खजिनदारांनी वही उघडली, वर बघितलं आणि विचारलं, ‘वहिनी, हे कुठल्या सदरात धरायचं?’ मी म्हटलं, ‘शिध्यात धरा.’ त्यांनी ‘किरकोळ’मध्ये लिहिलं. पण लिहिलं.